सात नंबरच्या काउंटरवरून यामिनीला

विचारतेस यामिनी, लागू का तिथं?
फॉर्म तुझ्या हातात, घामानं कोपरे मऊ झालेले,
आणि मी तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
ऐक मग. हिशेबानं सांगता येत नाही मला,
जसं आठवेल तसं सांगते.

मे महिन्यात नागपूर सेहेचाळीसवर जातं,
वर्धा रोडचं डांबर चप्पल सोडत नाही,
आणि मी दिवसभर चोवीस अंशांत असते.
काऊन हसतेस? हे पहिलं.
गांधीबागेत शेठच्या दुकानात एकच पंखा होता,
तोही गादीकडे तोंड करून.

शेठ पगार देताना नोटा दोनदा मोजायचा,
तिसऱ्यांदा मोजली की एक कमी व्हायची.
इथं सात तारखेला फोन टुणकन वाजतो.
पगाराची स्लिप दाखवली तेव्हा
बँकेतल्या माणसानं मला 'बसा' म्हटलं.
आमचा फ्रिज त्या एका शब्दावर आला.

बसा म्हणणारं तेवढंच ठिकाण, बाई.
काउंटरला खुर्ची नसते.
आठ तास. दिवाळीत दहा.
मी पाणी बेतानं पिते,
कारण तीन मिनिटांची सुटी मागायची
ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान निमजेला.
पोरगा वाईट नाही.
त्यालाही वरून कोणीतरी मोजून राहिलं.

बिल्ल्यावर माझ्या नावातला त गळला आहे.
ज्योस्ना.
दोनदा अर्ज केला, मेल बंगळुरूला गेला म्हणे,
गेला तो गेलाच.
सहा वर्षं त-शिवाय उभी आहे मी.
शेठही जोसनाच म्हणायचा,
पण तो हाक मारायचा.

बाबांची छाती मागाच्या धुळीनं भरलेली.
दीड वर्ष त्यांना दवाखान्यात ओढलं
ते कंपनीच्या कार्डानं, मी नाही.
हे खोटं बोलणार नाही मी.

आई गेली तेव्हा शेठनं अर्धं शटर ओढलं,
मोक्षधामापर्यंत आला, पायी,
आणि त्या महिन्यात चार दिवस कापले.
बाबा गेले तेव्हा कंपनीनं एक रुपया कापला नाही.
ॲपमध्ये फक्त कारण निवडायचं होतं:
आजार, लग्न, इतर.
मी इतर दाबलं.

दिवसातून तीनशे वेळा म्हणते,
मोबाइल नंबर सांगा, पिशवी लागेल का.
आठ रुपयांच्या पिशवीसाठी
कारवाले काय भांडतात, बाप रे!
नंबर पाठ होतात, माणसं नाही.
एक काका आहेत, शेवटी सातशे बारा.
दर महिन्याला तांदूळ, मारी बिस्किटं, मेंदीचं पाकीट.
दोन महिने झाले, मेंदी येत नाही.
मी वर बघितलं. तेही बघत होते.
मागं रांग होती.
म्हटलं, एकशे चाळीस पॉइंट जमा आहेत तुमचे.

निघताना गार्डबाई डबा उघडून बघते.
पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.
आता वांग्याच्या दोन फोडी ठेवते तिच्यासाठी,
ती खाते, आणि पर्सही तपासते.

तान्ह्या पोळ्याला पोराचा नंदी नणंद सजवते.
मी फोटो बघते, लॉकरपाशी, पाच वाजता.
रविवार तर तू विसरच.

मग लागू का, म्हणतेस पुन्हा.
शेठच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
तेव्हा मी काय सांगू तुला?
भर फॉर्म.
नाव मोठ्या अक्षरांत लिही, दोनदा तपास.
आणि बूट घ्यायला बर्डीला जाशील
तर संध्याकाळी जा, दिवसभर उभी राहून,
पाय सुजलेले असताना.
सकाळच्या मापाचे घेऊ नको.