रुमालाखालचा भाव

पतसंस्थेच्या लिलावात यंत्र मिळालं बेचाळीसशेला.
दोन-शहाऐंशी, पिवळट पडलेलं,
वीस एमबीची डिस्क सुरू होताना
पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची.
आण्णा म्हणाले, "बैल आणलास. कासरा कुठाय?"

कासरा म्हणजे कंपायलर, मी सांगितलं.
मी लिहीन ते यंत्राला कळेल असं करून देणारा.
"म्हणजे दलालच की!"
चाळीस वर्षं हळदीच्या सौद्यात उभा राहिलेला माणूस
पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

पुण्याहून दरपत्रक आलेलं.
सी-चा मोठा खोका साडेनऊ हजार,
अकरा फ्लॉप्या, चार जाड पुस्तकं,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात:
चार एमबी मेमरी लागेल.
माझ्याकडे एक. त्यातही सहाशे चाळीसच्या वर
नुसता माळा, शिडी नसलेला.
बेसिक फुकट, यंत्राबरोबरच आलेलं,
पण ते एक ओळ वाचतं, थांबतं, दुसरी वाचतं.
हजार पोत्यांचा हिशेब होईतो
चहा पिऊन कप विसळून होतात.
सुकुमार चौगुले म्हणाला, कॉपी देतो की,
सगळे तेच वापरतात.
त्याची तिसरी फ्लॉपी मधेच कर्रकर्र करून थांबली.
ती चालली असती तर मी काय केलं असतं,
ते नाही सांगत.

मग विश्रामबागेत भंडाऱ्यांचा क्लास बंद होतोय असं कळलं.
पास्कलचा कंपायलर, जुनी आवृत्ती,
दोनच फ्लॉप्या, माझ्या एक एमबीत मावणारा.
पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उंदरांनी वाचलेलं.
"बाराशे," भंडारे म्हणाले.
पर्समध्ये शिकवण्यांचे आठशे.

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
भंडाऱ्यांच्या हातावर टाकला
आणि आत हात घातला.
मला वाटलं, आता हसतील लोक.
भंडारे दचकले, मग त्यांचे डोळे बारीक झाले.
त्यांचे आजोबा हरिपूरच्या पेवांवरचे.
टॉवेलाखाली काहीतरी दाबलं, सुटलं, पुन्हा दाबलं गेलं,
बोटं हलली, तोंडं गप्प.
ही भाषा कुठल्या फ्लॉपीवर नव्हती.
आण्णांनी माझ्याकडून आठशे घेतले,
पाठ करून मोजले, दिले.
"किती झाले?"
"सौदा झाला. भाव विचारायचा नसतो."

एकदा अर्धविराम राहिला,
कंपायलरनं एकेचाळिसाव्या ओळीवर अडवलं.
चूक चाळिसावीवर होती.
"दलाल हाय, एक पाऊल पुढं बोट दाखवतोय," आण्णा म्हणाले.
पहाटे दोनला पट्टी निघाली:
वजन, तूट, अडत, हमाली, तोलाई.
आण्णांनी चष्मा लावला, ओठ हलले.
"तुझं यंत्र तीन पैसे खातंय."

खातच होतं. दशांश असे झिजतात,
आणि गणिताची वेगळी चिप घ्यायची ऐपत नव्हती.
मग सगळे रुपये मोडून पैसे केले,
पूर्णांकांत. एक कण इकडचा तिकडे नाही.

त्यांनी वरून किती घातले
ते खोक्याला माहीत असेल.
आत नोंदणीचं कार्ड आहे,
नावाच्या जागी भंडारे,
मी ते कधी खोडलं नाही.