डाग

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर माझं लिव्हर काढलं,
त्यात पेनानं एक टिंब.
अडीच सेंटिमीटरचा डाग.

ही सुई रेडिओलहरींची, म्हणाल्या, सावकाश तापते.
पण डागाशेजारून मोठी शीर जाते,
रक्त ऊब पळवतं, कडेला कच्चं राहतं.
ही दुसरी मायक्रोवेव्हची. झपाट्यानं, जास्त लांबवर.

मला हसूच आलं.
चाळीस वर्षं मिरजेत
रेडिएटरला डाग देतोय, बाई.
आत पाणी खेळत असलं की कथील धरत नाही.
आधी पाणी काढायचं, मग आच.

"तुमचं रक्त कुठं काढून ठेवू, दस्तगीरभाई?"

गप्प झालो.

मग दुसरीच घ्या, म्हटलं.
फक्त शेजारचा जोड वितळू नये म्हणून
मी ओलं फडकं गुंडाळतो,
तसं काहीतरी
ठेवा.