मानस

म्हापशाच्या कोर्टामागे, बेकरी आणि झेरॉक्सच्या मधे
माझं टेबल. भाषांतर पानाला दोनशे,
नोटरीचा शिक्का वेगळा.
विक्रीखतं, बाप्तिस्म्याचे दाखले,
लिस्बनचा पासपोर्ट हवा असलेल्यांचे आजोबा.
टेक्सास आज पहिल्यांदाच.

दर्शनी गांवस घेऊन आली कायतानला.
हळदोण्याचा मानशेकार, वय एक्क्याऐंशी,
नखांत खाजनाचा चिखल.
पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत राहिला
जणू आत पाद्री बसलाय.

प्रोग्राम दर्शनीनं लिहिलेला:
बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा चढलं की दार लावायचं,
उतरलं की सोडायचं.
पाणपोईवर तांब्या ठेवतात
तसा तिनं तो ठेवून दिला, कुणीही घ्या.
लुइझियानातल्या एका दलदलीच्या तालुक्यानं घेतला
आणि नोटीस आली.
कंपनीचं नाव लांबलचक, खोली एक, कामगार शून्य.
ती काही बनवत नाही.
दावे सोडून.

दावा क्रमांक सात. मी मोठ्यानं वाचते:
दोन बाजूंच्या जलपातळीतील फरकानुसार
मार्ग आपोआप बंद अथवा खुला करण्याची पद्धत.
कायतान म्हणतो, परत वाच.
मग इतका हसतो की बेकरीवाला डोकावतो.
"उदकाक कोण शिकयता, बाय?"

हे शपथपत्रात घेता येत नाही.
शपथेवर प्रश्न विचारायचा नसतो.

त्यांच्या कायद्यात शब्द आहे प्रायर आर्ट.
आधीची कला, मी त्याला समजावते.
कला कसली, लाकूड तें, तो म्हणतो.
माट्टीच्या दोन झडपा.
नदी चढली की तीच ढकलून लावते,
उतरली की शेतातलं पाणी आतून उघडतं.
बापानं नवी बसवली तेव्हा हा पोटात होता.
जुनी कुणी बसवली ते बापालाही ठाऊक नव्हतं.
मालक कोण? फॉर्मात रकाना आहे.
"गांवकरी."
म्हणजे किती जण?
"मेल्ले धरून?"

शेवटच्या पानावर आणखी एक मागणी:
दर्शनीचे तीन वर्षांचे सगळे निरोप,
आईशी बोललेलं, डॉक्टरला विचारलेलं, पुसून टाकलेलं.
साक्षीला यायचं तर रिकामा फोन आण,
तिचा तिकडचा वकील म्हणतो,
विमानतळावर उघडायला लावतात.
वॉशिंग्टनला एक विधेयक आहे म्हणे, असल्या दाव्यांना आवर घालणारं.
निवडणुकीआधी समितीत चढतं,
मग ओसरतं.
तिथला मानशेकार कोण, तिला कळलेलं नाही.

कायतानला हे सगळं कोंकणीत सांगावं लागलं.
तो बराच वेळ गप्प.
खारं पाणी एकदा आत शिरलं, तो म्हणाला,
की दोन-तीन पावसाळे कोरगूटसुद्धा धरत नाही.
दार कुणासाठी उघडायचं
तें भितरल्यांनी सांगपाचें.

हे मी लिहून घेतलं. कुठल्या परिच्छेदात घालू, कळेना.

शेवटी तळटीप एक, माझी स्वतःची:
मानस म्हणजे इथे बांधातलं दार.
माझ्या दुसऱ्या भाषेत, मन.
निव्वळ मनात घडणारं काही
तिथल्या कायद्यानंही कुणाच्या नावावर होत नाही,
दर्शनी सांगते, निदान पुस्तकात तरी.
वकील ही टीप काढून टाकील.
टाकू दे.

सही त्यानं पोर्तुगीज शाळेतल्या वळणानं केली,
शेपटीसकट.
वेळ, तीन चाळीस, मी लिहिलं.
त्यानं बोट ठेवलं तिथे. तशें न्हय.
ओहोटी सरताना, असं लिही,
आणि मला सोड, बस चुकली तर
दार कोण बघणार?

मी खोडलं, त्याचं लिहिलं,
खोडलेल्या जागी आद्याक्षरं घेतली.
झेरॉक्सवाली तिचं पेन मागायला आली.
शिक्का उमटला तो जरा तिरका,
चिखलाच्या बोटावर अर्धा.