तीन स्क्रू

मस्कतमध्ये एकवीस वर्षं मी गार हवेचे डक्ट जोडले.
जानेवारीत पाठवलं वर, सैकला,
जिथे डाळिंबाच्या बागा पानं गाळून उभ्या
आणि नळात पाणी सकाळी आठपर्यंत अडकून बसलेलं.

हमूद अर-रियामींच्या मजलिसमध्ये
नवीकोरी लोखंडी चूल,
आणि भिंतीत, वडिलांनी लेबनॉनात पाहून बांधवलेली,
तीस वर्षं न पेटलेली दगडी चिमणी.
‘नळी खुपस, सिमेंट लाव, झालं,’ फोरमन फोनवर.

मी आधी आरसा घेतला, दोरीला बॅटरी बांधली.
आतलं मातीच्या नळ्यांचं अस्तर एका जागी तडकलेलं,
वर कबुतरांचं घरटं.
दोन दिवस त्यातच गेले.
हमूद चहा पाठवत राहिले, विचारलं काहीच नाही.

मग नळी.
बिपुलला म्हटलं, चुण्यांचं तोंड खाली, चुलीकडे.
उस्ताद, हे उलटं दिसतंय.
दिसू दे. धूर वर जातो, पण त्याचं डांबर खाली उतरतं,
ते आतल्या आत चुलीत पडावं,
गालिच्यावर नको.
प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.
आडव्या तुकड्याला फुटामागे पाव इंच चढ.
कपाट दीड फुटापलीकडे ढकललं.
भिंतीतल्या कड्यातून नळी नेली
आणि अस्तराच्या कडेला थांबवली.
आणखी आत घुसली असती तर धुराचाच गळा धरला असता.

इतकं कशाला, बिपुल म्हणाला.
तो तेव्हा आमच्यात नव्हता.
जबल शम्सच्या साइटवर कंटेनरचं दार लावून
कोळशाची शेगडी उशाशी घेऊन झोपले दोघे.
सकाळी ओठ लालसर होते.
वाटलं, झोप छान लागलीय.
दत्ताराम घाडीची बॅग मी भरली.
तीस किलो चालतं,
काटा तेवीसवर थांबला.
उरलेल्या सात किलोत काय घालावं सुचेना.
खजूर घातले.

समरचं लाकूड पेटलं.
धूर निमूट वर गेला, मी अंगणात जाऊन पाहून आलो.
रात्री राहा म्हणाले, रस्त्यावर दव गोठलंय.
मजलिसमध्येच अंथरूण.

झोप येईना. उठून स्क्रू मोजले,
मग खिडकी बोटभर उघडली.

पहाटे कधीतरी हमूद आले.
चुलीकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं,
आणि आणखी एक घोंगडी
माझ्या पायावर टाकून गेले.