सावलीत वाळवायचं

तीन किलो खाद्य. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी.
त्यात चमचाभर क जीवनसत्त्वाची पूड,
आंबलेल्या ताकासारखा वास मारणारे ते चांगले जंतू,
आठ पाकळ्या लसूण, वाटून,
आणि सगळं धरून राहावं म्हणून माशाचं तेल,
हाताला लागेल इतकंच.
मग पसरायचं गोणपाटावर.
सावलीत.
उन्हात ठेवलं की त्यातला जीव जातो,
असं आई सांगते, जणू तिनंच लावलाय शोध.

घणसोलीच्या मागं, जिथं रस्ता खाडीपाशी येऊन
पुढं काय करावं ते न सुचून थांबलाय,
तिथं आमचं तळं. दीड एकर, एक उघाडी,
एक पत्र्याची खोप, आढ्याला टांगलेला वजनकाटा.
संध्याकाळी पलीकडच्या इमारती पाण्यात उतरतात
आणि काळुंदर मासे त्यांच्या खिडक्यांतून
बिनदिक्कत ये-जा करतात.

गेल्या चैत्रात भांगेचं पाणी आत साचून शिळं झालं.
अंगावर लाल चट्टे, शेपट्या झिजलेल्या,
पहाटे तोंडं वर काढून नुसतेच आ करणारे.
चार दिवस आम्ही पांढरी पोटं वेचली, टोपल्याच्या टोपल्या.
आई रडली नाही. उघाडीची फळी बदलली,
तळाला चुना मारला,
आणि तुर्भ्याच्या खाद्यवाल्या जिग्नेशला जाऊन विचारलं,
"अंगान ताकद येवाला माशांना काय देतान?"

तेव्हापासून माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या वहीत,
उरलेल्या कोऱ्या पानांवर,
दर पंधरवड्याला पाग टाकून धरलेल्या वीस माशांची सरासरी:
अडतीस ग्रॅम. सत्तेचाळीस. एकसष्ट.
एके ठिकाणी शेरा, "खवलं चकाकतान."
एके ठिकाणी नुसताच तेलाचा अंगठा.

मी कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते.
आईचं काढायला तीन महिने लागले.
आज उधाण, उद्या जाळं शिवायचंय, परवा जिग्नेश येणार.
शेवटी खोपीतच बसवलं. शीर सापडेना.
मशीननं आकडा दिला, सात पूर्णांक नऊ.
मी परत लावलं.
सात पूर्णांक आठ.

"केंद्रातल्या बाई देतात त्या लाल गोळ्या घेतेस ना?"
"घेतंय ना."

वजनकाट्याच्या मागच्या फळीवर
रबर लावून ठेवलेली रिकामी पाकिटं. एकोणीस.
खलबत्त्याच्या कडेला लाल वळ.

"आई, माशांना?"
"मंग? त्यांना पन रगत असतंय."
"हे माणसाचं औषध. जास्त झालं तर त्यांनाच बाधेल."
"यकसष्ट झालं का नाय?"
"आणि तुझं?"
ती हसली. हात गोणपाटावर फिरतच होता,
गोळ्या उलथत, चिकटलेल्या सोडवत.
"मना आता कवरं वाढवाचं हाय?"

या वाक्यावर मला काहीच बोलता आलं नाही.
मी उठून उघाडीपर्यंत गेले.
पाणी पाहिलं.
फळीच्या फटीतून एक बोयट आत येऊ बघत होता,
भरतीबरोबर, फुकटच्या जेवणाला.

आता ड्युटी सुटली की थेट तळ्यावर येते.
माशांचं ताट आधी, हा तिचा नियम. मान्य.
मग अर्धं लिंबू पिळते पेल्यात,
लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं म्हणून सांगते,
तर म्हणते, मंग त्या पुडीतलीच दे की चमचाभर.
गिळेपर्यंत समोर उभी राहते.
जीभ बाहेर काढून दाखवते मला, लहान पोरासारखी,
चिडून.

भूगोलाच्या वहीत आता आणखी एक रकाना आहे.
तो मी भरते. ती त्यावर मुद्दाम हिशेबाची चिठ्ठी ठेवते.
काल चिठ्ठी सरकवून बघत होती, मी आले तशी झाकली.
मग गोणपाटाच्या कडेला, सावलीत, फतकल मारून बसली,
तळहातावरची लाल गोळी उलटीसुलटी केली, वास घेतला.

"माशांना त्याल लावून, लसून घालून देतंय मी,
नि मना अशी सुकीच?"