पाणी कुठे मुरतं

फॉर्म सात पानांचा.
प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन:
हो, नाही, माहीत नाही.
तिसऱ्यावर ब्रेंटचं बोट जरा जास्त रेंगाळलं.
"आइली, तुम्ही ब्याऐंशीच्या," तो म्हणाला,
"तुम्हाला सगळंच आठवावं असं कुणी म्हणत नाही."
चांगला मुलगा आहे. बूट दाराशी काढून येतो.

छत: बदललं, धाकटी लग्न करून फार्गोला गेली त्या वर्षी.
चिमणी: उत्तरेकडच्या विटा सुटतात.
वरच्या न्हाणीतली फरशी पोकळ वाजते.
गराजचं दार फेब्रुवारीत रुसतं.
"हे विचारलेलं नाही त्यांनी."
म्हटलं, विचारतील. फेब्रुवारीत.

मग पान चार.
तळघरात कधी पाणी शिरलं आहे का,
तुमच्या माहितीप्रमाणे?

माझ्या माहितीप्रमाणे
एक्केचाळीस वर्षं मी नाहीच सांगत आले.
डलुथमध्ये बर्फ वितळू लागलं की
शेजारी मार्लिसकडे पंप धडधडायचा,
आणि मी कॉफी ओतता ओतता म्हणायचे,
आमचं कोरडं हो. रेइनोने पारखून घेतलंय घर.

मला हवं होतं टेकडीवरचं, तळं दिसणारं.
तो म्हणाला, हे घेऊ. पाया बघ. खडक आहे, खडक.
सहा महिने मी धड बोलले नव्हते त्याच्याशी.

गेल्या मंगळवारी सामान न्यायला आलेल्या पोरांनी
सौनामागचं फडताळ ओढलं.
मागे भिंत, भिंतीला रेइनोचा हिरवा रंग,
रंगावर सुताराच्या पेन्सिलीने आडव्या रेघा,
मुलांची उंची मोजतात तशा,
पण फार खाली.
एप्रिल ८४.
एप्रिल ८६, दोन बोटं.
एप्रिल ९७, घोट्यापर्यंत. पाचच्या आत उपसलं.
एप्रिल २००१, आइलीला सर्दी, जागी झाली नाही, बरं झालं.
गेल्या वर्षीची रेघ वाकडी.
ऑक्टोबरात तो गेला.

मी पायरीवर बसले.
म्हणजे ते रात्रीचं उठणं,
ते "बॉयलर बघून येतो",
ते ओले मोजे, दर वसंतात मीच धुतलेले,
आणि एकदाही विचारलं नाही
कोरड्या घरात मोजे भिजतात कसे.

ब्रेंट म्हणतो, एक हात रंगाचा मारू.
म्हणतो, भाव वीस हजारांनी तरी उतरेल.
म्हणतो, तुम्ही स्वतः पाणी पाहिलंत का?
नाही.
पाहिलं नाही, हे खरं.
माहीत नव्हतं, हे...
इथे पेन थांबतं.

घर बघायला आलेली मुलगी, मायली व्हांग,
सातव्या महिन्यातली,
कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.
नवऱ्याने बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली,
तिच्याकडे वळून म्हणाला, काय पाया आहे बघ!
ती हसली नाही.
तिला दुसरंच कुठलंतरी घर हवं असणार.

मी 'हो'वर फुली मारली.
'तपशील द्या' म्हणून दीड ओळ सोडलीय त्यांनी.
दीड ओळीत काय मावणार?
समासात लिहिलं, मग पानामागे,
एकेक रेघ, तारखेसकट, त्याच्याच शब्दांत.
सर्दीचं तेवढं गाळलं.
तो काही घरातला दोष नव्हे.

पंप मार्लिसच्या मुलाकडून बसवा,
जास्त घेत नाही, हेही लिहिलं.
ब्रेंट काही न बोलता बूट घालत होता,
एकाच बुटाची नाडी दोनदा बांधली त्याने.

भिंतीला मात्र रंग लावू देणार नाही.
पुढे त्यांचं त्यांनी बघावं.
एप्रिलला तीन आठवडे आहेत.
मोजे काढून ठेवलेत मी, जाड, लोकरीचे.