शंभरातले ऐंशी

मे महिन्यात तांडापेठेत माणसं गच्चीवर राहतात,
खाली फक्त भांडी आणि कूलर.
संध्याकाळी चार बादल्या ओतल्या
तरी दहा वाजता सिमेंट चटका देतं.
माझी भाची रुचिता चटई पसरून म्हणाली,
मामा, ती बघ आकाशगंगा.
कुठं? पारडीच्या बाजूला
नुसता पिवळट उजेड होता, धूळ मिसळलेला.
दिसत नाही, ती म्हणाली, पण तिथेच आहे,
आणि तुझ्याच क्ष-किरणांत चमकते.

माझ्याच?
एकतीस वर्षं मी मेडिकलच्या अंधाऱ्या खोलीत
लोकांच्या फासळ्या हायपोत बुडवल्या,
नखं अजून तपकिरी आहेत.
पण वरही कोणी असं
श्वास रोखून उभं आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती सांगत गेली, मी पडल्या पडल्या ऐकत गेलो.
आकाशगंगेच्या पट्टाभर एक धुरकट झळाळी.
तीस-पस्तीस वर्षं पुष्कळांना वाटलं, वायू असेल,
दहा कोटी अंश तापलेला.
पण एवढं तापलेलं काही
आकाशगंगेच्या मुठीत राहत नाही, उडून जातं.
मग रोज नवं कोण तापवतं?
हिशोब जुळेना.

शेवटी एका दुर्बिणीने एकाच चिमूटभर तुकड्याकडे
बारा दिवस पाहिलं.
बारा दिवस, मामा. तू किती द्यायचास?
छातीला? सेकंदाचा विसावा भाग.
आणि धुकं फुटलं. ठिपके निघाले.
काही विझून गेलेले तारे, पांढरे, पृथ्वीएवढे,
शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून पुन्हा पेटणारे.
काही अगदी साधे, आपल्या सूर्यासारखे, जरा तापट.
शंभरातले ऐंशी भाग एवढ्यांनीच भरले.

आई हेडाऊकाकूंकडून चुलीला विस्तव आणायची तसं,
मी म्हणालो.
हाव, ती हसली, फक्त परतफेड नाही.

मला माग आठवले.
गोळीबार चौकातून नुसती घरघर यायची,
गल्लीत शिरलं की वेगळे व्हायचे:
हा पराते, हा धकाते, हा बाबांचा,
ज्याचा धोटा डावीकडे अडखळायचा.
आता दोन उरलेत. त्याला घरघर म्हणता येत नाही.

आणि एक फिल्म आठवली, ती मी तिला सांगितली नाही.
शहाण्णव साल. कन्हानच्या खाणीतला फागू उईके.
दोन्ही फुप्फुसं धुरकट. मला वाटलं,
डेव्हलपर जुना झाला,
किंवा दाराच्या फटीतून उजेड शिरला.
फेकायला काढलीच होती.
मग का कुणास ठाऊक, दिव्याला नाक टेकवलं.
धूर नव्हता. दाणे होते,
बाजरीएवढे, एकेक सुटा,
मोजायला बसावं तर मोजता येतील असे.
बाहेर बाकावरून तो विचारत होता,
काऊन जी, पुन्हा काहाडा लागन का?
नाही, मी म्हटलं. चांगली आली आहे.

उरलेले वीस? मी विचारलं.
रुचिता झोपली होती की विचार करत होती, कळेना.
मग म्हणाली, काही अजून बारीक तारे असतील.
केंद्राजवळ मात्र कदाचित खरंच वायू असेल.
भांडण चालू आहे, मामा.

खाली कूलरचा पंप कोरडी हवा ओढू लागला.
मी उठलो. बादली अंधारात चाचपली.